मास्क कोण काढतंय?

अण्णांचा मास्क परत गळ्यात आला होता.

तनुजा मेडिकलवरून इंजेक्शनं घेऊन आली, कॅज्युअल्टीचा हिरवा पडदा सारला, तर हे असं. अण्णा तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते. तिची भावजय सरिता त्यांच्यावर वाकलेली, आणि तिचा हात मास्कवर.

"काय चाललंय गं?"

"लावतेय ताई. निघाला होता."

"आपोआप निघतो व्हय? मी गेले की निघतो, मी आले की बसतो. लई शहाणा मास्क हाय म्हणायचा."

सरितानं मास्क नीट बसवला. तेवढ्यात विशाखा सिस्टर तरातरा आली.

"कोण काढतंय हे सारखं? बाबांना न्यूमोनिया झालाय, त्यात जुना दमा. ऑक्सिजन अजून खाली गेला तर आयसीयूत न्यावं लागेल. खेळ वाटतो का तुम्हाला?"

तनुजाच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती पंधरा दिवसांपासून चुकचुकतच होती. अण्णा तिच्या सासरी करमाडला फोन करून सांगायचे, "तुझी भावजय काय धड नाय गं. दम्याचा पंप वेळेवर देत नाय. खिडक्या लावून घेती." एरवी सुनेचं कौतुक सांगून सांगून या माणसानं तनुजाचे कान किटवले होते. तोच आता असं म्हणतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी कशाला पायजे?

तनुजाचा धाकटा भाऊ आकाश अपघातात गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून मुकुंदवाडीच्या घरात सासरा आणि सून, दोघंच. सरिता क्रांती चौकात चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. दिवाळीत जालन्याहून तिच्यासाठी एका मास्तरचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, मास्तर निर्व्यसनी होता. सरितानं एका वाक्यात विषय संपवला, "मामांना सोडून मी कुठं जात नाय."

सगळ्या भावकीनं वाहवा केली. तनुजानं नाही केली. तिशीतली बाई असलं स्थळ लाथाडते ते काय सासऱ्याच्या खोकल्यापायी? अहो, घर पायजे हिला. म्हातारा गेला की घर आपसूक हिचं.

"पंप कुठाय अण्णांचा?" तनुजानं विचारलं.

सरितानं तो पर्समधून काढून दिला.

"तुझ्या पर्समधी?"

"मामा कुठंबी ठेवतात ताई. परवा पिठाच्या डब्यात सापडला. म्हणून मी जवळच ठेवते."

"वा गं वा! दम्याचा माणूस आपला पंप पिठात लपवतो. आम्ही खेड्यातले हाव, पण इतके बी येडे नाय."

सरितानं मान खाली घातली. तिचे डोळे सुजले होते. नाटकं, तनुजा मनात म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवायला तनुजाला बाहेर बोलावलं. छातीत दोन्हीकडं पांढरं झालं होतं. ते पुढं काही सांगणार तोच पडद्यामागं मशीन कोकलायला लागली, आणि तनुजा धावली.

मास्क उशीवर पडलेला. अण्णांचे ओठ काळेनिळे. सरिता मास्क उचलून त्यांच्या तोंडावर धरायला बघत होती.

"मारतीस का माझ्या बापाला?" तनुजा ओरडली. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक उठून बघायला लागले.

"आईशपथ ताई, मामाच काढतात! मी नुसतं पाणी ओतायला वळले, तर..."

सिस्टरनं मास्क लावला. हळूहळू अण्णांच्या ओठांचा रंग परत आला. तनुजा त्यांच्या उशाशी वाकली. बाप एकच होता तिला, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत चालला होता.

"अण्णा, भिऊ नका. मी हाय. खरं सांगा, हिनंच काढला ना?"

अण्णांनी सरिताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

"व्हय. हिनंच."

सरिताच्या तोंडचं पाणी पळालं. "मामा? माझ्याकडं बघून सांगा की."

अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"ऐकलंस?" तनुजा म्हणाली. "पोलिसांत देत नाय, आकाशची बायको म्हणून. घराची चावी टाक आणि नीघ. परत या माणसाच्या वाऱ्याला उभी राहू नको."

सरितानं चावी खाटेवर ठेवली. पाया पडायला वाकली, तर अण्णांनी पाय आखडून घेतले. मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. पदर तोंडाला लावून ती निघाली. दारात विशाखा सिस्टरजवळ थांबली, "त्यांना गार पाणी देऊ नका, लगेच खोकला लागतो," एवढं सांगितलं आणि गेली.

तनुजा स्टुलावर बसली. तिला एकदम हलकं वाटलं. अण्णांनी नंतर मास्कला हात लावला नाही. मशीनवरचा आकडा चढत गेला. बघा, म्हणाली ती मनात, पीडा गेली आणि माणूस सुधारला.

"बरं वाटलं की आता करमाडला चला," ती अण्णांचा हात चोळत म्हणाली. "मळ्यात मोकळी हवा हाय. मी बघते तुमचं सगळं."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं. तिनं ते पदरानं पुसलं.

"आता कशाला रडता? सुटलात तुम्ही."

अण्णांनी हात वर केला आणि स्वतःच मास्क खाली ओढला.

"गेली का?"

"गेली."

"माघारी नाय ना यायची?"

"तोंड बी दाखवायची नाय."

अण्णांनी डोळे मिटले. कष्टानं दोन श्वास घेतले.

"मग जालन्याच्या त्या मास्तरला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, आमची पोरगी आता मोकळी हाय."