शेवटच्या कडव्यातलं नाव

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गच्या रस्त्यासाठी खडी फोडताना आम्ही सगळे एकच गाणं म्हणायचो: मजुरांच्या पाण्याचा टँकर मुकादमाच्या दारातच रिकामा होतो. आमच्यातला ज्ञानोबा तर नव्या डफावर म्हणायचा, पण रचणाऱ्याचं नाव येतं ते शेवटचं कडवं गाळून. लोक त्यालाच शाहीर समजायचे. एक दिवस मुकादम मागं येऊन उभा राहिला. “कुणी रचलं हे? त्याचं नाव हजेरीतून कापतो.” ज्ञानोबानं डफ पोत्याखाली सारला. “आमी आपलं हौसेनं गातो, मालक.” शेजारी खडी फोडणाऱ्या बनाबाईनं हातोडी खाली ठेवली, डफ ओढून घेतला आणि गाळलेलं कडवं खड्या आवाजात म्हटलं: “टँकर थांबे दारावर, बोलते मी तोंडावर, अणदूरची बना म्हणे, नाव माझं गाण्यावर!” मुकादमानं हजेरीपट उघडला. “पुरं नाव सांग.” “बनाबाई किसन बनसोडे. कापा खुशाल. उद्याच्या गाण्यात तुमचंबी पुरं नाव येतंय, मुकादम.”