मागावरचे झटके

पडद्यावर हृदयाच्या दोन ठोक्यांमधली रेघ सपाट होती. “तळहात एकमेकांवर दाबा, अण्णा,” डॉक्टर म्हणाल्या. अण्णांनी दाबले, तसे रेघेवर बारीक काटे उगवले.

“हे काटे छातीच्या स्नायूंचे. आत बसवलेलं यंत्र त्यांनाच बिघडलेले ठोके समजून झटका देतं. वर्षात चार झाले. दर वेळी काय करत होतात?”

“आडवा पडलो होतो,” अण्णा नेहमीसारखं म्हणाले. खरं सांगितलं तर पैठणीचा माग सुटेल, ही भीती.

“आडवे पडले होते म्हणे!” बायको फणकारली. “चारही वेळा मागावरून मीच उचललंय ह्यांना.”

“म्हणजे मागावर जोर लावताना हेच स्नायू ताणतात. यंत्राची जाण कमी केली, तर खरे बिघडलेले ठोकेही निसटतील,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि यंत्राची जागा बदलायला दुसरं ऑपरेशन तुम्हाला झेपणार नाही.”



“पदरावरचा मोर अर्धा राहिलाय,” अण्णा बायकोला म्हणाले. “सूनबाईला पुरा करू दे. मी आता मागावर बसत नाही.”