मंगलाष्टकांची सीडी

पाचवी सीडीही चौसष्ट टक्क्यांवर अडली. बाबारावांनी ती काढली, बनियनला पुसली, उगाच उजेडात धरून पाहिली आणि आधीच्या चार बिघडलेल्या सीड्यांवर ठेवून दिली.

"राज्याची राजधानी म्हणे हे शहर! व्होल्टेज पाहा यांचं," ते करवादले.

तासाभरात स्टेशनवर निघायचं होतं. परवा नागपुरात अनुश्रीचं लग्न. पोरीचा एकच हट्ट, मंगलाष्टकं आईच्याच आवाजात पाहिजेत. आणि आईचा आवाज आता या कंप्यूटरमध्येच काय तो उरला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रेमलाबाईंनी सगळी कडवी म्हणून ठेवली. डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर बोलणंही गेलं.

बाबारावांनी बिलासपूरला पुतण्याला फोन लावला. शिशिरला मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदीच.

"काका, स्पीड सबसे कम रखी?"

"हव, ठेवली."

"और सीडी बनते वक्त दूसरा कुछ तो नहीं चला रहे? पुराना कंप्यूटर है, एक साथ दो काम नहीं झेलेगा."

"छे! मी कायले चालवतो?"

धडधडीत खोटं. फोन ठेवून वळतात तो दारात प्रेमलाबाई उभ्या. गळ्याला रुमाल, हातात पाटी. सकाळपासून पाच वेळा सीडी लागली, आणि पाचही वेळा स्वयंपाकघरात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. अगदी बारीक करून लावलेला, पण आलाच होता. या माणसाला दम म्हणून निघत नाही!

त्या लिहीत बसल्या नाहीत. सरळ आत आल्या, स्पीकरची वायर उपटली आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"अवं, बरोबर आला का, तेवढंच पाहून राहिलो होतो..." बाबाराव सीड्यांचं पाकीट चाचपू लागले.

पाकिटात एकच कोरी सीडी उरली होती. ती लावली. अकरा टक्के. वीस. बॅगा भरून भरून दोघांच्याही पाठी मोडून आल्या होत्या, पण उठायचं नाव कोणी घेईना. साठ. चौसष्टवर आकडा थांबला. प्रेमलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पासष्ट!" बाबाराव ओरडले.

मग मात्र यंत्रानं त्रास दिला नाही. शंभर झाले, ट्रे बाहेर आला. बाबारावांनी सीडी दोन्ही हातांनी उचलून डबीत ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचंही त्राण राहिलं नव्हतं.

"झाली एकदाची. आता लावू का थोडंसं? काय गोड आवाज होता वं तुझा."

प्रेमलाबाईंनी पाटी मांडीवर घेतली. सावकाश लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरली.

'बत्तीस वर्षं घरातच होता. तुम्हीच म्हणत होते, चूप बस वं.'