शस्त्रक्रियेआधीची गोष्ट

माझा मित्र मुलांसाठी पुस्तकं लिहायचा, पिशवीत घालून शाळाशाळांत न्यायचा, वाचून दाखवायचा. ‘किती दिवस हा पोरखेळ? मोठ्यांसाठी लिही,’ असं लोक म्हणाले की नुसता हसायचा. मी घशाचा डॉक्टर. त्याच्या स्वरयंत्रातली गाठ मलाच दिसली. ‘जीव वाचेल, पण आवाज जाईल,’ एवढंच सांगू शकलो. शस्त्रक्रियेच्या सकाळी तो खाटेवर नव्हता. मुलांच्या वॉर्डात सापडला. घोगऱ्या आवाजात अस्वलाची गोष्ट वाचत होता आणि पोरं खिदळत होती. ‘चल, वेळ झाली,’ मी म्हणालो. ‘एवढं पान होऊ दे रे.’ पान संपलं. पायाला प्लास्टर घातलेली चिमुरडी म्हणाली, ‘आजोबा, उरलेली गोष्ट उद्या?’ त्यानं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ‘उद्यापासून हे आजोबा वाचतील.’ तिनं मला नीट न्याहाळलं. ‘तुम्हाला अस्वलासारखं गुरगुरता येतं का?’ मी घसा खाकरून पाहिला.