गुरुवारची पेशंट

“मला ऑपरेशन नको!” रसिका सोफ्यावर पोट धरून कळवळली.

समोरची नर्स अलिना तिला समजावू लागली. ऑपरेशन किती सोपं आहे, डॉक्टर किती अनुभवी आहेत. रसिका आणखी मोठ्याने कण्हली. टायमर वाजला, तशी ती टुणकन उठून बसली आणि तिने बशीतला शेवटचा समोसा उचलला.

“अलिना, कारण विचारलंच नाहीस,” नूरबानू टीचर म्हणाल्या. “पेशंट नाही म्हणतो, तेव्हा का ते आधी विचारायचं. उपदेश मागाहून.”

सबाह अल-सालेम या वस्तीतल्या टीचरांच्या घरच्या हॉलमध्ये कुवेतच्या नर्सेस इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायच्या. आयर्लंड किंवा इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर ती द्यावीच लागते. तिच्यात एक नकली पेशंट असतो आणि नर्सने त्याच्याशी नीट बोलायचं असतं. बारावीतली रसिका दर गुरुवारी संध्याकाळी तो पेशंट व्हायची. शाळा सांभाळून करता येईल असं हे एकच काम तिला मिळालं होतं, आणि ती त्यात तरबेज होती. मुतखडा, दमा, चिडकी आजी, काहीही. एकदा तिला इतका हुबेहूब दम लागला की एका नर्सने परीक्षा विसरून तिची नाडीच धरली.

घरी मात्र तिला साधं खोटं बोलणंही जड जात होतं. आयर्लंडच्या एका विद्यापीठाने तिला सागरी जीवशास्त्राला प्रवेश दिला होता, शिष्यवृत्तीसकट. शर्कच्या मासळीबाजारात आई झुबैदी, म्हणजे तिथलं पापलेट, निवडत असताना कल्ले उघडून बघणारी ही मुलगी. तिला दुसरं काही नकोच होतं. तरी तिने आईला सांगितलं होतं, की तिकडे फार थंडी, मी इथल्याच कॉलेजात जाते. बाबा गेल्यापासून घरात दोघीच होत्या. आईने मराठीत पुन्हा पुन्हा खरं कारण विचारलं. रसिकाने प्रत्येक वेळी इंग्रजीत तेच उत्तर दिलं, “आय ॲम फाइन, आई.” विद्यापीठाला रविवारपर्यंत कळवायचं होतं. नकाराची मेल लिहून तयार होती.

दाराची बेल वाजली. आत आई आली, तीही नर्सच, हॉस्पिटलच्या गणवेशातच.

“लवकर आलीस न्यायला?” रसिकाने विचारलं.

“न्यायला नाही. सगळ्याजणी ही परीक्षा देतायत, म्हटलं आपणही बघू जमतंय का,” आई समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली. “पडा आता, पेशंटबाई.”

अलिना फिसकन हसली. टीचर एरवी डब्यातून चिठ्ठी काढायला लावायच्या. आज त्यांनी तोंडीच सांगितलं, “पेशंटला दूरच्या हॉस्पिटलात पाठवायचं आहे. ती जायला तयार नाही. इंग्रजीत बोलायचं आणि टायमर वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही.”

रसिका आडवी झाली. आईने घसा साफ केला. तिचं इंग्रजी सावकाश होतं, पण स्वच्छ होतं.

“तुम्हाला जायचं नाही, असं मला कळलं. का, ते सांगाल?”

रसिकाकडे कारणांचा साठा असायचा. सुईची भीती, नवस, घरी एकटं राहिलेलं मांजर. आज त्यातलं एकही आठवेना.

“माझी आई इथे एकटी पडेल,” ती म्हणाली.

“असं त्या म्हणाल्या?”

“ती कशाला म्हणेल! पण मी नसले की ती ताटसुद्धा घेत नाही. ओट्यापाशी उभ्याने खाते.”

नर्सने खुर्ची पुढे ओढली. “तो त्यांचा प्रश्न झाला. तुमचं सांगा. ते दूरचं हॉस्पिटल कसं आहे?”

“छान आहे. अगदी समुद्राला लागून. प्रयोगशाळेच्या खिडकीतून—” रसिकाने जीभ चावली. हॉस्पिटलातल्या पेशंटला प्रयोगशाळेच्या खिडकीचं काय!

“तिथे जावंसं वाटतं तुम्हाला?”



“हो,” रसिका अगदी हळू म्हणाली. “खूप.”

“अगं वेडे, मग जा ना!” आई ओरडली. मराठीत.

टायमर अजून टिकटिकत होता.

“राजश्री!” टीचरांनी आईकडे बघत कपाळावर हात मारला. “पेशंटला वेडी म्हणालीस? आणि तेही मराठीतून! नापास. साफ नापास.”

अलिनाला मराठीतला एक शब्दही कळला नव्हता, तरी तीच सगळ्यात जास्त हसत होती. आईही हसत होती आणि तळहाताने डोळे पुसत होती. रसिका उठून तिच्याजवळ गेली.

“सॉरी, आई. माझ्यामुळे नापास झालीस,” ती चक्क मराठीत म्हणाली. “पुढच्या गुरुवारी परत बस. मी सोपी पेशंट होईन, शप्पथ. लगेच हो म्हणेन.”

आईने टीचरांकडे पाहिलं. टीचरांनी टायमर बंद केला.

“पुढच्या गुरुवारी कशाला गो? ही माझ्या मंगळवारच्या बॅचमधली. डिसेंबरातच पास झाली. आयर्लंडच्या हॉस्पिटलातून बोलावणंही आलंय, आणि तू कुवेतमध्येच राहते म्हणालीस म्हणून ही तिकडे नकार कळवायला निघाली होती. आज आली ती फक्त तुला कारण विचारायला.”