तुटक बाण

"काकू, एकतिसाव्या पानावरचा हा बाण सरांनी असाच काढला होता?"

काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि त्या वहीत डोकावल्या. वही त्यांच्याच हातची होती. सरांचं, म्हणजे नवऱ्याचं, कच्चं लिखाण त्यांनी चार महिने खपून शाईने उतरवून काढलं होतं. अक्षर मोत्यासारखं, बाण पट्टीने मारलेले. सगळी नोकरी नकाशे ट्रेस करण्यात घालवलेली बाई. गणित कळत नसलं तरी रेघ कळत होती.

"असाच म्हणजे? सरळ आहे की चांगला."

"सरळ आहे हो. पण अखंड आहे."

विचारणारी सरांची शेवटची विद्यार्थिनी, आता स्वतःच केस पिकलेली प्राध्यापिका. सरांच्या गौरवअंकात वहीतला हा लेख जायचा होता, आणि अंक उद्या छपाईला. शेवटचं वाचन चहाबरोबर उरकू म्हणून ती दुपारी आली होती. तीस पानं सुरळीत पार पडली.

लेख बीजगणितातल्या मॉड्यूल नावाच्या रचनांवर होता; सुट्या मॉड्यूलांपुरतं सगळं जुनंच होतं. मॉड्यूलाच्या एका गुणाची, इंजेक्टिव्ह असण्याची, अट जरा सैल केली, तर जोडीदार मॉड्यूलाच्या दुसऱ्या गुणाचं, फ्लॅट असण्याचं, काय होतं, ते पुस्तकांत सापडतं. सरांना ते मॉड्यूलांच्या अख्ख्या साखळीसाठी, म्हणजे कॉम्प्लेक्ससाठी हवं होतं. प्रत्येक कडीवर खरं आहे म्हणून साखळीवर खरं असतंच असं नाही. त्यासाठी एका भागावरचा बाण, म्हणजे एका रचनेतून दुसरीत नेणारा संबंध, अख्ख्यावर वाढवता यावा लागतो. एकतिसाव्या पानावर तो बाण होता. तो आला कुठून, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बाण आहे हे सिद्ध होईपर्यंत तो तुटक काढतात, काकू. सिद्ध झाला की सर त्याच्यावरूनच अखंड रेघ ओढायचे. फळ्यावर खडू मोडायचा, इतक्या जोरात."

काकूंचा हात वहीवर तसाच राहिला.

"कंपवात ना गं ह्यांना. अक्षरं तुटायची, रेघा तुटायच्या. मी आपल्या सगळ्या जोडून टाकल्या." मग घाईघाईने म्हणाल्या, "पण प्रत्येक पान दाखवलंय मी ह्यांना. बरोबर आहे ना, विचारलं. हो म्हणाले."

प्राध्यापिकेने चहाचा कप बाजूला ठेवला. सर कशालाही हो म्हणत. कच्चं लिखाण हातावेगळं झालं त्याच आठवड्यात झटका आला आणि सगळे शब्द घेऊन गेला. 'हो' तेवढा राहिला. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. काकू त्यावर थट्टाही करायच्या, की चाळीस वर्षांच्या संसारात जे ऐकायला मिळालं नाही ते आता दिवसभर ऐकते.

"कच्ची वही ठेवलीय?"

ठेवली होती, कापडात गुंडाळून. प्राध्यापिकेने एकतिसावं पान काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. बाण तुटके होते. 'बरोबर'ची चिन्हं तुटकी होती. समासाची रेघसुद्धा सात ठिकाणी तुटली होती. कुठली रेघ सरांनी तोडली आणि कुठली दुखण्याने, ते कळायला काही मार्ग नव्हता.

सर तिथेच खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि बाणावर बोट ठेवलं.

"सर, हा मिळाला होता?"

"हो."

क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला.

"की अजून मिळायचा होता?"

"हो," सर तितक्याच आनंदाने म्हणाले.

मागे काकू उभ्या होत्या. "आमच्या ऑफिसात तुटक रेघ म्हणजे अजून व्हायचा रस्ता," त्या हळूच म्हणाल्या. "तीस वर्षं तेच काढत होते मी. आणि घरात मला दिसू नये?"

"तुमचं काही चुकलं नाही, काकू."

चुकलं होतं. मायेने चुकलं होतं, म्हणून जास्त लागत होतं, आणि हे दोघींनाही कळत होतं.

"आपण प्रश्न म्हणून छापू. हे खरं आहे का, असा सरांचा प्रश्न."

"आणि ह्यांना उत्तर सापडलं असेल तर? ह्यांचं शेवटचं काम आपणच हिरावून घ्यायचं?"

तिने एक कोरा कागद सरांच्या मांडीवरच्या लिहायच्या फळीवर ठेवला, पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली. "काढा ना सर. जसा आहे तसा."

सरांना बहुधा समजलं. ओठ घट्ट मिटून ते डावीकडून उजवीकडे निघाले. वेळ लागला. रेघ पाच ठिकाणी तुटली, टोकाला बाण झाला. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कागद काकूंकडे सरकवला.

काकूंनी सवयीने पेन उघडलं. निब पहिल्या फटीपाशी नेली, आणि त्यांचा हात थांबला.

"जोडू," त्यांनी नवऱ्याला विचारलं, "की राहू देऊ?"

सर त्यांच्याकडे बघून हसले.

"हो."