आधी माझ्याकडे

माणसं ईमेलने प्रवास करू लागल्यापासून बसभाडं वाचलं, पण घरातले हट्ट तसेच राहिले. "आधी माझ्याकडे ये," असं हेरंबला साताऱ्याहून आईनेही बजावलं आणि नागपूरहून बायको मृदुलानेही. म्हणून त्याने दोघींना हो म्हटलं, त्यांचे ईमेल-पत्ते गुपचूप एकमेकींकडे वळवून ठेवले आणि स्वतःला पाठवून दिलं. आता सातारा त्याला नागपूरला ढकलत होता आणि नागपूर साताऱ्याला.

"एकीने त्याला लगेच ठेवून घ्या," इंजिनिअर कुलथे फोनवर दोघींना म्हणाला. "फार चकरा झाल्या की सर्व्हर माणसालाच पुसून टाकतो."

मृदुलाला रडूच फुटलं. "आई, तुम्हीच ठेवून घ्या. हट्ट माझा होता."

"माझाच गं. नवरा तुझा, तूच ठेव."

"नको, आधी तुमच्याकडे."

लग्नानंतर प्रथमच सासूसुना एकमेकींना मान देत होत्या.

"बाई, चकरा थांबल्या," कुलथे म्हणाला.

"मग कुणाकडे उतरला?" मृदुलाने विचारलं.

"त्यांची एखादी प्रत कुठे ठेवली आहे का?" कुलथेने विचारलं.